पाणी कुठं अडलं, हे एमआरआयला कसं कळतं?

माझे मामा गुळव्या आहेत. शिवाजी पूल ओलांडून पन्हाळ्याच्या वाटेला लागलं की जी गुऱ्हाळं लागतात, त्यांतल्या एका गुऱ्हाळात त्यांचं उभं आयुष्य गेलं. काहिलीतला पाक कधी उतरवायचा हे ठरवायला त्यांना थर्मामीटर लागत नाही. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकायचा, बोटांत त्याची गोळी वळवून बघायची, झालं. ती गोळी वळणारा उजवा हात गेल्या हंगामात एका पहाटे उठेनासा झाला.

पाच वाजता जाग आली, चूळ भरायला तांब्या उचलला आणि तो हातातून निसटला. बोलायला गेले तर जीभ जड. मामी म्हणाली, "हात अंगाखाली आला असंल." तेल लावलं, चोळलं. नऊ वाजता शेजारच्या आजींनी बघितलं आणि त्या सरळच म्हणाल्या, "अगं, अंगावरनं वारं गेलंय ह्याच्या." म्हणजे पक्षाघात, दवाखान्याच्या भाषेत स्ट्रोक. मग धावपळ. पहिल्या दवाखान्यात ‘अशक्तपणा आहे, बीपी वाढलंय’ म्हणून सलाईन लावून दोन तास झोपवून ठेवलं. दुपारी शहरात आणून सीटी स्कॅन केला. रिपोर्ट नॉर्मल. आम्ही सगळ्यांनी अंबाबाईला हात जोडले. मामेभावानं गावाकडं फोन करून "काही नाही, सगळं नॉर्मल हाय" असं कळवूनही टाकलं. पण हात काही उचलेना.

एमआरआय संध्याकाळी झाला. डॉक्टरांनी फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली. करड्या मेंदूत डाव्या बाजूला, खोलवर, शेंगदाण्याएवढा एक ठिपका होता. पांढराशुभ्र. त्यावर पेनाचं टोक ठेवून ते म्हणाले, "हे बघा, इथं पाणी अडलंय."

मी कॉलेजात फिजिक्स शिकवतो. डॉक्टरांनी आमच्यासाठी सोपं करून सांगितलेलं ते वाक्य अक्षरशः खरं होतं, हे मला त्या क्षणी कळलं. मेंदूच्या त्या शेंगदाण्याएवढ्या जागेत पाण्याच्या रेणूंची रोजची धावपळ मंदावली होती आणि यंत्रानं ती मोजली होती. हे मोजता येईल, असं ज्या माणसाला पहिल्यांदा सुचलं आणि ज्यानं ते करून दाखवलं, त्याचं नाव देनी ल बिहाँ. फ्रान्समधले डॉक्टर आणि भौतिकशास्त्रज्ञ, दोन्ही. आपल्याकडं त्यांचं नाव फारसं कुणाला ठाऊक नाही. पण कोल्हापुरात ज्या ज्या घरातल्या माणसाचा स्ट्रोकसाठी एमआरआय झालाय, त्या घरापर्यंत त्यांचं काम पोचलेलं आहे. म्हणून हा लेख.

सीटी नॉर्मल, तरी हात हलत नाही

आधी आमच्या दुपारच्या आनंदाचं बघू, कारण ही चूक बऱ्याच घरांत होते. सीटी स्कॅन म्हणजे क्ष-किरण. मेंदूत रक्तस्राव झाला असेल तर तो सीटीत लगेच पांढरा दिसतो, आणि स्ट्रोकच्या पेशंटमध्ये पहिला प्रश्न तोच असतो, म्हणून सीटी आधी करतात. ते बरोबरच आहे. पण बहुतेक स्ट्रोक रक्तस्रावाचे नसतात. रक्ताची गाठ अडकून नळी बंद पडल्याचे असतात. अशा वेळी पहिल्या काही तासांत सीटीला बहुधा काही वेगळं दिसत नाही. मेंदूचा तो भाग मरणाच्या वाटेवर असतो, पण क्ष-किरणांच्या दृष्टीनं त्याची घनता अजून बदललेली नसते. तेव्हा ‘सीटी नॉर्मल’ या शब्दांचा अर्थ एवढाच: रक्तस्राव दिसला नाही. स्ट्रोक नाही, असा त्याचा अर्थ होत नाही. हे आम्हाला त्या दुपारी कुणी समजावून सांगितलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

साधा एमआरआयही पहिल्या तासांत असाच चकतो. तो बघतो पाण्यालाच. आपल्या शरीरात पाणी भरपूर, पाण्याच्या प्रत्येक रेणूत हायड्रोजनचे दोन अणू, आणि हायड्रोजनचा केंद्रक म्हणजे एक इवलंसं चुंबक. मोठ्या चुंबकात माणूस ठेवला की ही चुंबकं भोवऱ्यासारखी डोलायला लागतात. आपल्या दवाखान्यांत असणारं 1.5 टेस्लाचं यंत्र पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे 30 हजार पट ताकदीचं असतं. त्यात हे भोवरे सेकंदाला साधारण 6 कोटी 40 लाख वेळा डोलतात. तेवढ्याच वेगाची रेडिओ लहर सोडली की ते एका तालात येतात, आणि लहर थांबली की उलट आपल्याकडं लहर पाठवतात. त्या परतीच्या लहरीपासून चित्र बनतं. चित्र कसं बनवायचं, हे दाखवणाऱ्या पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफिल्ड यांना 2003 चं नोबेल मिळालं.

साध्या एमआरआयला कळतं ते मुख्यतः पाणी कुठं आणि किती आहे, कशाच्या सहवासात आहे. नळी तुंबल्यावर पहिल्या तासाभरात मेंदूच्या त्या भागातलं एकूण पाणी फारसं वाढलेलं नसतं. बदललेलं असतं ते पाण्याचं हलणं. ते मोजायचं कसं?

पाक आणि रस

पाणी स्थिर ठेवलेल्या पेल्यातही स्थिर नसतं. 1827 मध्ये रॉबर्ट ब्राऊन यांनी सूक्ष्मदर्शकाखाली परागातले बारीक कण पाण्यात सतत थरथरताना पाहिले. आइन्स्टाइन यांनी 1905 मध्ये त्याचं गणित मांडलं: पाण्याचे रेणू उष्णतेमुळं अखंड इकडून तिकडं धडकत असतात आणि कणांना ढकलत राहतात. या भटकण्याचा एक नियम आहे. रेणू सरळ चालत नाही, भेलकांडत जातो, म्हणून दुप्पट लांब जायला त्याला चौपट वेळ लागतो.

मामांना मी हे गुऱ्हाळाच्या भाषेत सांगितलं. ताज्या उसाच्या रसात रंगाचा थेंब टाकला तर तो बघता बघता पसरेल. काकवीत टाकला तर बराच वेळ जागचा हलणार नाही. म्हणजे पसरण्याचा वेग कळला की आत काय आहे ते न बघताही ओळखता येतं. मामा लगेच म्हणाले, "मग आमी दुसरं काय करतोय?" खरंच आहे. पाकाचा थेंब पाण्यात टाकून तो पसरतो की गोळी धरतो, हे बघणं जवळपास हेच झालं.

ल बिहाँ यांच्यापुढं 1980 च्या दशकाच्या मध्याला जो प्रश्न होता, तो मेंदूचा नव्हताच. यकृतातली गाठ कॅन्सरची आहे की नुसता रक्तवाहिन्यांचा गुंता आहे, हे एमआरआयनं सांगता येईल का, अशी विचारणा होती. त्यांना वाटलं, दाट गाठीत पाणी हळू भटकत असेल, रक्तवाहिन्यांच्या गुंत्यात जोरात हलत असेल, तर हालचालच मोजू. कल्पना चांगली होती, पण यकृतात ती सपशेल फसली. श्वासाबरोबर यकृत खालीवर होतं, त्या हलण्यात रेणूंचं हलणं पार बुडून गेलं. मग ते मेंदूकडं वळले. डोकं निदान श्वासाबरोबर हलत नाही. पेशंटना यंत्रात घालण्याआधी त्यांनी स्वतःचा आणि काही सहकाऱ्यांचा मेंदू तपासला. पाण्याच्या भटकण्याचे जिवंत मेंदूतले ते पहिले नकाशे. 1985 मध्ये ते प्रसिद्ध झाले, 1986 मध्ये मेंदूच्या आजारांतला त्यांचा सविस्तर अभ्यास आला.

भटकणं मोजण्याची मूळ युक्ती त्यांची नव्हती. 1965 मध्ये स्टेस्कल आणि टॅनर या दोघांनी ती रसायनशाळेतल्या नमुन्यांसाठी काढली होती. ल बिहाँ यांनी ती चित्र काढण्याच्या तंत्राशी जोडली. मला ही युक्ती इतकी आवडते की वर्गात मी ती दरवर्षी मैदानावर नेऊन करून दाखवतो.

समजा, गांधी मैदानावर लेझमाचं पथक उभं आहे. मैदानावर फक्कीनं समांतर रेषा आखल्यात, एक, दोन, तीन अशा. सगळ्यांची तोंडं पूर्वेला. शिट्टी वाजली की ज्यानं त्यानं आपल्या रेषेच्या नंबराइतकी पावलं उजवीकडं वळायचं. पहिल्या रेषेवरचा एक पाऊल वळेल, पाचव्यावरचा पाच. आता थोडा वेळ द्यायचा. मग दुसरी शिट्टी: आत्ता ज्या रेषेवर आहात, तिच्या नंबराइतकं डावीकडं वळा. जो जागचा हलला नाही, तो जितका वळला तितकाच परत येईल, तोंड पुन्हा पूर्वेला. पण मधल्या वेळात जो दुसऱ्या रेषेवर सरकला, त्याचं वळणं फिटणार नाही, त्याचं तोंड भलतीकडंच राहील. लांब उभ्या असलेल्या सरांना एकेक पोरगा दिसत नाही. पण सगळे एका दिशेला तोंड करून एकदम लेझीम वाजवतात की आवाज विस्कटलाय, हे त्यांना कानावरून कळतं.

एमआरआयमध्ये रेषांचं काम चुंबकीय उतार करतो. चुंबकाची ताकद एका टोकाला किंचित जास्त, दुसऱ्या टोकाला किंचित कमी, असं क्षणभर करायचं. त्यामुळं जागेप्रमाणं भोवरे कमीजास्त वळतात. मग थोडा वेळ जाऊ द्यायचा आणि तेवढाच उलटा परिणाम करायचा. जिथलं पाणी भटकलं तिथले भोवरे विस्कटतात, लहर एकमेकांत खपून जाते आणि चित्रात ती जागा काळी पडते. जिथलं पाणी जागेवरच अडलं, तिथली लहर खणखणीत परत येते. ती जागा उजळ. मामांच्या डोक्यातला तो पांढरा ठिपका म्हणजे लेझमाचं एकजुटीनं वाजणारं पथक होतं, कारण तिथल्या कुणालाच हलता येत नव्हतं.

यंत्रात झोपल्यावर जो ठकठक-घर्रर्र आवाज येतो, तो या उतारांचाच. तारांच्या वेटोळ्यांत झपाट्यानं वीज सोडली-तोडली जाते, मोठ्या चुंबकात ती वेटोळी थडथडतात. घाबरण्यासारखं त्यात काही नाही. या तपासणीला क्ष-किरण लागत नाहीत, नसेत औषध टोचावं लागत नाही. हा भाग उरकायला एखाद-दोन मिनिटं पुरतात.

आता यातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट. चित्र काढायला मिळणाऱ्या वेळात, म्हणजे सेकंदाच्या साधारण विसाव्या भागात, मेंदूतला पाण्याचा रेणू सरासरी 10 मायक्रोमीटरच्या आसपास सरकतो. आपला एक केस याच्या कितीतरी पट जाड असतो. आणि मेंदूतल्या पेशी, त्यांच्या भिंती, त्यांच्यामधल्या फटी याच मापाच्या किंवा याहून लहान आहेत. म्हणजे तेवढ्या वेळात रेणू भिंतींवर धडकून, अडून, वळसे घालून आलेला असतो. एमआरआयच्या चित्रातला एक ठिपका मिलिमीटरभराचा, त्यात हजारो पेशी. त्यांतली एकही पेशी यंत्राला दिसत नाही. पण पाणी आत फिरून आलेलं असतं आणि भिंती कशा आहेत याची खबर घेऊन आलेलं असतं. न कापता, न टोचता मेंदूच्या बारीक घडणीत डोकावण्याची ही वाट आइन्स्टाइनच्या नियमामुळं खुली झाली, आणि ती वाट तिथं आहे हे ल बिहाँ यांनी ओळखलं.

पहिल्या वर्षांत या चित्रांवर फारसा कुणाचा भरवसा नव्हता. चित्राला मिनिटंच्या मिनिटं लागायची, आणि नाडीच्या प्रत्येक ठोक्याला मेंदू थोडा हलतो. 10 मायक्रोमीटर मोजायला निघालेल्याला तेवढं हलणंही फार. मॅन्सफिल्ड यांनी 1977 मध्येच सेकंदाच्या छोट्याशा भागात अख्खं चित्र टिपण्याची पद्धत मांडली होती. ल बिहाँ 1987 मध्ये अमेरिकेत बेथेस्डाच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत गेले. तिथं रॉबर्ट टर्नर आणि त्यांनी 1990 च्या सुमारास ती झटपट पद्धत पाण्याच्या भटकण्याला जोडली. मेंदू हलायच्या आत चित्र काढून मोकळं व्हायचं. तेव्हापासून हे दवाखान्यात वापरण्याजोगं झालं.

मांजरांचा प्रयोग, आणि पेशीचा पंप

त्याच वर्षी, 1990 मध्ये, कॅलिफोर्नियात मायकेल मोझली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांजरांच्या मेंदूची एक रक्तवाहिनी बंद करून ही चित्रं काढली. रक्त थांबल्यावर 45 मिनिटांत तो भाग पाण्याच्या चित्रात उजळून आला. साध्या एमआरआयला तेव्हा तिथं काहीच दिसत नव्हतं. दोनेक वर्षांत माणसांतही हेच दिसलं. स्ट्रोकच्या तपासणीचं सगळं गणित इथून बदललं.

पाणी अडतं कशामुळं? मेंदूच्या प्रत्येक पेशीच्या भिंतीत पंप असतात. सोडियम बाहेर फेकायचं, पोटॅशियम आत घ्यायचं, हे त्यांचं अखंड काम. त्याला लागणारी ऊर्जा रक्तातून येते. रक्त थांबलं की पंप बंद पडतात, सोडियम आत साचतं, त्याच्यामागोमाग पाणी आत शिरतं आणि पेशी फुगते. पेशी फुगल्या की त्यांच्यामधल्या बोळकंड्या आवळतात. नवरात्रात महाद्वार रोडला दोन्ही बाजूंची दुकानं रस्त्यावर सरकली की मधून माणसाला वाट राहत नाही, तसं. माणसं तेवढीच, पण चालणं थांबलं. पाणी मंदावण्याला फुगण्याचा हात आहे हे सगळ्यांना मान्य आहे. पेशीच्या आत नेमकं काय काय घडतं, यावर मात्र शास्त्रज्ञ अजून वाद घालतात, ल बिहाँ स्वतः त्यात आहेत.

ही मंदी आकड्यात मांडता येते. त्यासाठी ल बिहाँ यांनी जी संज्ञा रुजवली ती आज अशा रिपोर्टांत असते: एडीसी, म्हणजे पाण्याच्या भटकण्याचं माप. निरोगी मेंदूतल्या पाण्याचं भटकणं मोकळ्या पाण्याच्या साधारण पाव हिश्श्याइतकं. ताज्या स्ट्रोकमध्ये ते आणखी खाली येतं, कधी निम्म्यापर्यंत.

तुमच्या घरी फिल्म आणि रिपोर्ट असतील तर हे पडताळता येईल. फिल्मवर डीडब्ल्यूआय (पाण्याच्या भटकण्याचं चित्र) लिहिलेल्या चौकटी असतात आणि एडीसी लिहिलेल्या वेगळ्या. ताजा स्ट्रोक पहिल्यात पांढरा आणि दुसऱ्यात त्याच जागी काळा. दोन्ही जुळलं पाहिजे. नुसतं पहिल्यात पांढरं दिसलं तर ती जुन्या दुखण्याचीही चमक असू शकते. रिपोर्टात ‘रिस्ट्रिक्टेड डिफ्यूजन’ असे शब्द असतील तर त्यांचा मराठी अर्थ डॉक्टरांनी आम्हाला सांगितला तोच: इथं पाणी अडलंय. आठवडा-दहा दिवसांत पेशी फुटतात, भिंती पडतात, पाणी पुन्हा मोकळं होतं आणि एडीसीचा काळेपणा जातो. म्हणून म्हाताऱ्या माणसाच्या मेंदूत चार जुने डाग असले तरी आजचा कोणता, हे डॉक्टरांना ओळखता येतं. पुवाची गाठ आणि काही दाट गाठीही अशाच उजळतात, तेव्हा फिल्म बघून घरी निदान करत बसू नये. आणि मेंदूच्या देठातला बारीक स्ट्रोक पहिल्या तासांत यातही कधीकधी निसटतो. लक्षणं पक्की असतील तर डॉक्टर चित्रापेक्षा पेशंटवर विश्वास ठेवतात.

फिल्ममधलं घड्याळ

रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन स्ट्रोक सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं. उशिरा दिलं तर मेलेल्या भागात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. आता मामांसारख्यांचं काय? रात्री अकराला धडधाकट झोपले, पहाटे पाचला हात गेलेला. सुरुवात कधी झाली? बारा वाजता की पावणेपाचला? घरातल्या कुणालाच माहीत नाही. असे झोपेतले स्ट्रोक कमी नाहीत, आणि कितीतरी वर्षं त्यांना हे इंजेक्शन मिळतच नसे.

इथं पाण्याचं चित्र घड्याळाचं काम करतं. डीडब्ल्यूआय काही मिनिटांत उजळतं. फ्लेअर नावाच्या दुसऱ्या एका चित्रात तोच भाग उजळायला काही तास लागतात, कारण तिथं पाणी प्रत्यक्ष वाढावं लागतं. पहिल्यात पांढरा ठिपका आहे आणि दुसऱ्यात अजून काही नाही, तर स्ट्रोक ताजा आहे, बहुधा साडेचार तासांच्या आतला. युरोपातल्या एका मोठ्या चाचणीत असे पेशंट निवडून त्यांना इंजेक्शन दिलं गेलं. 2018 मध्ये निकाल आला: इंजेक्शन मिळालेल्यांपैकी तीन महिन्यांनी जवळजवळ पूर्ण सावरलेले 100 पैकी 53, न मिळालेल्यांत 42. मेंदूतला रक्तस्राव इंजेक्शनवाल्यांत थोडा जास्त होता, तो धोका आहेच. पण ज्यांची वेळच कळत नव्हती अशा लोकांसाठी दार उघडलं.

मामांच्या फिल्मवर फ्लेअरची चौकट मी डॉक्टरांना विचारून शोधली. तिथंही ठिपका होता. फिकट, पण होता. संध्याकाळचे सहा वाजले होते. पहाटे पाचला तेल चोळण्याऐवजी गाडी काढली असती तर ती चौकट काळीच असती की काय, हे आता कुणी सांगू शकत नाही. नळी तुंबलेली असताना दर मिनिटाला सरासरी 19 लाख चेतापेशी मरतात, असा हिशोब आहे. मामीला मी तो आकडा सांगितलेला नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुमच्या घरात अजून वेळ आहे. तोंड वाकडं, एक हात खाली पडतो, बोलणं बोबडं: यांपैकी काहीही अचानक दिसलं तर माणूस शेवटचा ठणठणीत कधी दिसला होता ती वेळ लक्षात ठेवा आणि जिथं सीटी, एमआरआय आणि मेंदूचे डॉक्टर आहेत तिथं थेट न्या. मध्ये कुठं सलाईनला थांबू नका.

शेंगदाण्याएवढा ठिपका, आणि अख्खा हात

मामेभावाचा प्रश्न रास्त होता. "एवढूसा डाग, आणि अख्खा हात कसा काय गेला?" उत्तर पाण्याच्याच दुसऱ्या गुणात आहे.

उसाची मोळी डोळ्यांपुढं आणा. ओल कांड्याच्या लांबीनं सहज सरकेल, आडवी एका कांड्यातून दुसऱ्या कांड्यात जायला अवघड. मेंदूतला पांढरा भाग म्हणजे अशाच मोळ्या, चेतातंतूंच्या. पाणी तंतूच्या लांबीनं जास्त भटकतं, आडवं कमी. सगळ्या दिशांनी भटकणं मोजलं तर तंतू कुठल्या दिशेनं चाललाय ते कळतं. बेथेस्डातच पीटर बॅसर यांनी जेम्स मातिएलो आणि ल बिहाँ यांच्याबरोबर 1994 मध्ये याचं गणित बसवलं. त्यातून ते रंगीत नकाशे आले: डावी-उजवीकडं जाणारे तंतू तांबडे, पुढं-मागं जाणारे हिरवे, वर-खाली जाणारे निळे. मेंदूतला ट्यूमर, म्हणजे मांसाची गाठ, काढायला डोकं उघडण्यापूर्वी हाताचे, भाषेचे तंतू गाठीच्या कुठल्या अंगानं वळलेत हे सर्जन आधी पाहू शकतात. या नकाशांवर आंधळा विश्वास मात्र ठेवता येत नाही. तंतू एकमेकांना छेदतात तिथं संगणक चुकीच्या वाटा जोडतो; 2017 मध्ये वेगवेगळ्या गटांच्या पद्धती पडताळल्या तेव्हा खऱ्या मोळ्यांपेक्षा खोट्या मोळ्याच जास्त निघाल्या. म्हणून चांगले सर्जन नकाशा बघतात आणि ऑपरेशनच्या वेळी वीज लावून खात्रीही करतात.

हाताला हुकूम नेणारे तंतू मेंदूच्या वरच्या पृष्ठभागावर ऐसपैस पसरलेले असतात, पण खाली उतरताना एका अरुंद जागेतून एकत्र जातात. तिला इंटर्नल कॅप्सूल म्हणतात. आपला शिवाजी पूल समजा. शहरात एखादी गल्ली बंद झाली तर दुसऱ्या गल्लीनं जाता येतं. 2019 च्या पुरात वाटा बंद झाल्या तेव्हा नदीपलीकडच्या गावांचं काय झालं, हे सांगायला नको. मामांचा ठिपका नेमका त्या पुलावर होता.

ल बिहाँ पुढं फ्रान्सला परतले. पॅरिसजवळ साक्लेला त्यांनी न्यूरोस्पिन ही संस्था उभी केली आणि तिचे पहिले संचालक झाले. तिथं 11.7 टेस्लाचं, 132 टनांचं एक चुंबक आहे, आपल्याकडच्या यंत्राच्या जवळपास आठपट ताकदीचं. त्याच्या आत 182 किलोमीटर तार आहे आणि ती उणे 271 अंशांवर ठेवावी लागते. 2024 मध्ये त्यातून माणसाच्या मेंदूची पहिली चित्रं बाहेर आली, चार मिनिटांत 0.2 मिलिमीटरपर्यंतचा बारकावा दाखवणारी. आणि ज्या यकृतानं त्यांना सुरुवातीला परत पाठवलं, तिथंही यंत्रं वेगवान झाल्यावर हीच पद्धत पोचली. यकृत, प्रोस्टेट, स्तन यांच्या गाठी तपासताना डॉक्टर आज पाण्याचं भटकणं बघतात. मूळ प्रश्नाचं उत्तर मिळायला काही वर्षं लागली एवढंच.

मामांना इंजेक्शन मिळालं नाही. फिजिओथेरपी मिळाली, आणि मामीनं दिवसातून तीनदा न चुकता व्यायाम करून घेतले. मऊ ओल्या मातीचा गोळा वळायचा, सोडायचा, पुन्हा वळायचा. बोलणं दोन महिन्यांत सुधारलं. बोटं सावकाश.

परवा गुऱ्हाळावर गेलो होतो. चुलवाण पेटलेलं, काहील रटरटत होती. मामा आता खुर्चीवर बसून असतात, नवा गुळव्या त्यांच्याकडं बघून काम करतो. मी फिल्म बरोबर नेली होती. त्यांनी ती उन्हाकडं धरली, डाव्या हातानं, आणि पांढरा ठिपका बराच वेळ शोधला. सापडल्यावर त्यावर उजव्या हाताचं बोट ठेवायला गेले. ते थरथरलं, बाजूला घसरलं, दुसऱ्यांदा नेमकं बसलं.

"एवढंच व्हय," ते म्हणाले, आणि फिल्म माझ्याकडं देऊन त्याच हातानं वाटीतल्या पाण्यात पाकाचा थेंब शोधू लागले.